घडविलेले आणि स्वयंभू

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात दिल्लीच्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७ कोटी रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. त्या बातमीचे कात्रण खिशात घेऊन आमच्या देवस्थानाचे एक वयोवृद्ध महाजन पालखीच्या रात्री अग्रशाळेत आम्हांला भेटले. आडनाव गोव्याचे, म्हणून त्यांना प्रथम अभिमान वाटला होता. मग त्यांनी चित्राची छापील प्रत चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि अभिमानाची जागा संतापाने घेतली. "वकीलबाब, हातूंत आसा तरी कितें?" हा त्यांचा प्रश्न. पाठोपाठ निकालही त्यांनीच देऊन टाकला: रंग सांडला आहे आणि श्रीमंतांची फसगत झाली आहे.

त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. पालखी उठण्याची वेळ झाली होती; आणि खरे सांगावयाचे तर उत्तर तयारही नव्हते. वादीने दावा लावला, प्रतिवादीने मुदत मागून घेतली, असा तो प्रकार झाला. आज ही कैफियत दाखल करीत आहोत. वादीचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तो प्रामाणिक आहे, आणि आजच्या कलेविषयी लिहिणारे पुष्कळसे लोक त्यास उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवितात, हे आम्हांस ठाऊक आहे.

असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका न्यायालयापुढे आला होता. १९२६ साली रुमानियात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या कॉन्स्तान्तिन ब्रांकुशी या शिल्पकाराची काही शिल्पे न्यूयॉर्क बंदरात उतरली. त्यांत 'अवकाशातील पक्षी' या नावाचे ब्रॉन्झचे एक शिल्प होते. चकाकणारा, उंच, मधे किंचित फुगलेला आणि वर निमुळता होत गेलेला धातूचा एक आकार. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. अमेरिकेत कलाकृतीवर जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यास त्यात कला दिसेना. त्याने तो जिन्नस स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयाचे साहित्य ज्या सदरात मोडते त्या सदरात घातला आणि शेकडा ४० जकात बसविली. ब्रांकुशीने दावा लावला.

त्या खटल्यातील साक्षी आम्ही व्यवसायाच्या कुतूहलाने वाचल्या, आणि उलटतपासणी कशी असावी व कशी नसावी याचा धडा म्हणून त्या आजही वाचनीय आहेत. शिल्पाचे मालक प्रसिद्ध छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन. हा आकार रानात झाडावर दिसला असता तर तुम्ही त्यावर बंदूक रोखली असती काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितले. म्हणजे हा पक्षी नव्हे, हे साक्षीदारानेच कबूल केले! परंतु खटला तेथे संपला नाही. १९१६ सालच्या एका जुन्या निवाड्यानुसार निसर्गातील वस्तूंचे हुबेहूब अनुकरण हीच शिल्पाची कसोटी होती. १९२८ सालच्या नोव्हेंबरात न्यायाधीश वेट यांनी ती कसोटी बाजूस ठेवली. वस्तूंचे अनुकरण न करता कल्पनांना आकार देऊ पाहणारा एक नवा संप्रदाय उदयास आला आहे. तो आपल्याला रुचो वा न रुचो, त्याचे अस्तित्व न्यायालयास नाकारता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय. त्या वस्तूचा पक्ष्याशी संबंध जोडणे कठीण जाईल हे ज्या न्यायाधीशाने निकालपत्रातच मान्य केले, त्याने हा निकाल द्यावा, यात न्यायबुद्धीची शोभा आहे.

त्या खटल्यातील एक मुद्दा मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आमच्या विषयास तोच महत्त्वाचा. कायद्यास हवा होता हात. शिल्पकाराने ही वस्तू स्वतः घडविली, की ती कारखान्यात ओतली गेली? ब्रांकुशीला शपथेवर सांगावे लागले की ओतकाम झाल्यावर घासणे, कानस मारणे, झिलई देणे हे सारे मी स्वहस्ते केले. पश्चिमेच्या कायद्याने 'हे कशासारखे दिसते' हा हट्ट सोडला, पण 'हे कोणाच्या हातचे' हा प्रश्न सोडला नाही.

आता दुसरे न्यायालय. त्याच सुमारास, १९२५ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा एक दावा होता. घरचा ठाकूर; सेवेच्या पाळ्या ठरलेल्या; आपल्या पाळीत देवास आपल्या घरी नेण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच वाद. कौन्सिलने निर्णय दिला की देवमूर्ती ही वाटेल तशी उचलून न्यावयाची जंगम मिळकत नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि तिने कोठे राहावे याविषयी तिची इच्छा तिच्या स्वतंत्र प्रतिनिधीमार्फत ऐकली पाहिजे. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने दोन परक्या न्यायासनांनी एकच गोष्ट दोन अंगांनी मान्य केली. एकाने म्हटले, हा धातू केवळ धातू नव्हे. दुसऱ्याने म्हटले, ही मूर्ती केवळ वस्तू नव्हे. पुढे १९९९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रामजानकी देवतांच्या खटल्यात, देवता होण्यास विशिष्ट घडीव आकाराची गरज नाही, हेही स्पष्ट केले.

गोव्याच्या देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस हे नवल वाटू नये. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग नदीपार प्रियोळास आणले, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. ते सामान हलविणे नव्हते. आणि त्यांनी प्राणांवर उदार होऊन जे आणले त्या लिंगाला नाक नाही, डोळे नाहीत. मुखवटा आपण उत्सवापुरता चढवितो. शाळिग्राम हा गुळगुळीत काळा दगड. कोल्हापूर-सोलापूरकडचा तांदळा म्हणजे शेंदराने माखलेली शिळा. नवरात्राचा घट म्हणजे माती आणि धान्य. आणि गोव्यातील गावोगावची सांतेरी तर वारूळ, आपल्या कोंकणीत रोयण. मुंग्यांनी मातीचा कण कण आणून उभारलेल्या त्या ढिगापुढे महाजनांची पिढ्यान्‌पिढ्या साष्टांगे चालली आहेत. त्यांतील कोणी कधी 'हातूंत कितें आसा' असे विचारले नाही.

हा युक्तिवाद येथेच थांबविला असता तर तो वकिली चलाखीचा झाला असता. 'तुम्ही वारूळ पुजता, मग हे चित्रही पुजा' असे म्हणणे सोपे, आणि आजकाल अनेक कलासमीक्षक नेमके तेच करतात. देवळात प्रतिष्ठापना आहे, नित्यपूजा आहे, माणसामाणसांमधले व्रत आहे. चित्रशाळेत भिंत आहे आणि दिवा आहे. हे अंतर विसरून नुसत्या आकाराच्या साम्यावर इमारत बांधली की काय होते, हे इंदूरकरांना सांगावयास नको. त्याच ब्रांकुशीचे 'पक्षी' इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी विकत घेतले: एक ब्रॉन्झचा, एक काळ्या संगमरवराचा आणि एक पांढऱ्या. त्या तीन पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारावे, आत पाणी असावे, वरून प्रकाश यावा, अशी योजना झाली. ब्रांकुशी स्वतः १९३७ सालच्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन इंदुरास राहून गेला. मंदिर झाले नाही. महाराणी संयोगिताबाई १९३७ सालीच निवर्तल्या होत्या, महाराजांचे मन आणि प्रकृती ठीक नव्हती; कारणे पुष्कळ सांगितली जातात. त्यांत एक आमच्या पदरचे घालतो: त्या मंदिराला राजा होता, शिल्पकार होता, पण भक्त नव्हता. संगमरवराचे ते दोन्ही पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने घेतले. आज ते कॅनबेरात आहेत. त्यांनी तेथे जावयाचे की नाही, हे त्यांच्या वतीने कोणी विचारले नाही, कारण कायद्याच्या लेखी ते अखेरपर्यंत जंगम मालच राहिले.

आता आजच्या कलावंताकडे वळू. अनीश कपूर हा १९५४ साली मुंबईत जन्मलेला आणि १९७० नंतरच्या दशकात लंडनला जाऊन तेथेच राहिलेला शिल्पकार. शिकागोचे तो चकचकीत ढग सर्वांनी छायाचित्रांत पाहिला असेल. तो आम्ही येथे सोडून देतो, कारण त्यात गंमत अधिक आणि आशय थोडा आहे असे आमचे मत आहे. खरा कपूर १९७९ सालचा. त्या वर्षी तो भारतात आला आणि देवळांच्या दारांत मांडलेल्या रंगांच्या पुडींच्या राशी पाहून परतला. मग त्याने साधे भूमितीचे आकार, शंकू, घुमट, पायऱ्या, करून त्यांवर लाल, पिवळी, निळी कोरडी पूड अशी भुरभुरली की ती आकाराच्या कडेने जमिनीवरही पसरावी. पाहणाऱ्यास वाटते की हा आकार वरून ठेवलेला नाही, तो जमिनीतून वर आला आहे आणि उरलेला भाग खाली आहे. त्या मालिकेचे नाव त्याने ठेवले 'हजार नावे'. ज्याच्या कानावर लहानपणी विष्णुसहस्रनाम पडले आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही: एका नावाने जे पुरे होत नाही त्याला हजार नावे लागतात, आणि हजारांनीही ते पुरे होत नाही.

पुढे २००७ साली त्याने एक काम केले. लाल मेणाचा प्रचंड ठोकळा रुळांवरून अत्यंत सावकाश सरकतो, संग्रहालयाच्या दारांमधून जातो, आणि जाताना चौकटीस घासून आपला लगदा तेथे सोडतो. जणू त्या इमारतीच्या दारांनीच त्याला आकार दिला. नाव: 'स्वयंभू'. फ्रान्समधील नांत, जर्मनीतील म्यूनिक आणि २००९ साली लंडनची रॉयल ॲकॅडमी येथे ते दाखविले गेले. येथे हा माणूस आपल्या प्रश्नाच्या गाभ्यास भिडतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ज्या हाताचा पुरावा मागितला होता, तो हात काढून घेण्याची ही धडपड आहे. घडविणाऱ्याची सही नको. वस्तूने स्वतःच स्वतःला घडवावे. सांतेरीच्या महाजनास ही कल्पना ओळखीची वाटेल. मात्र त्या ठोकळ्याखाली यंत्र आहे, हे आम्ही विसरू शकत नाही. मुंग्यांना यंत्र लागत नाही, आणि त्या आपल्या कामास नाव देत नाहीत. 'स्वयंभू' हा शब्द कपूरच्या हाती एक सुंदर रूपक आहे. आपल्याकडे तो एक दावा आहे, देवस्थानाच्या जुन्या दप्तरांत लिहिलेला. रूपक खोटे ठरत नाही. दावा खोटा ठरू शकतो. ज्याला खोटे ठरण्याची भीती नाही त्याला खरे ठरण्याचा मानही पुरता मिळत नाही.

या कलावंतावर आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. इंग्लंडातील एका कंपनीने प्रकाशाचा ९९.९६ टक्के भाग गिळून टाकणारा एक काळा लेप तयार केला. तो लावलेला खोलगट आकार सपाट दिसतो, वस्तूच्या जागी भोक पडल्यासारखे वाटते. २०१६ साली हा लेप कलेसाठी वापरण्याचा एकट्याचा परवाना कपूरने मिळविला. कायद्याचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी 'काळ्या रंगाची मालकी' असा गलबला केला. काळ्या रंगाची मालकी कोणास मिळालेली नाही. एका विशिष्ट द्रव्याच्या वापराचा तो करार आहे, आणि करार म्हणून त्यात बेकायदा काही नाही. तरीही स्टुअर्ट सेम्पल नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश कलावंताने रागाने एक झगझगीत गुलाबी पूड काढून ती कपूर सोडून कोणासही मिळेल असे जाहीर केले. हे पोरकट होते. तरी त्या पोरकटपणाच्या मुळाशी असलेला संताप आम्हांस समजतो. कोणत्या दारातून या कलावंताने रंग उचलला? देवळाच्या. तेथे कुंकवाच्या आणि गुलालाच्या राशी ज्याला त्याला चार पैशांत मिळतात. शिगम्यास तर गुलाल मुठी मुठींनी उधळला जातो आणि कोणाच्या अंगावर कोणाचा पडला याचा हिशेब राहत नाही. हजार नावे सर्वांची. अशा ठिकाणाहून निघालेला माणूस चाळीस वर्षांनी एका काळ्यावर मक्ता घेतो, तेव्हा त्याने आकार आणला आणि वृत्ती तेथेच ठेवली, असे म्हणावे लागते. ती कलाकृती याने वाईट ठरत नाही. २०२२ साली व्हेनिसला त्याने ते काळे आकार मांडले, आणि पाहणारे त्यांच्यापुढे बराच वेळ थांबले. पण तिच्या पाठीमागच्या विचारास एक चीर पडली आहे, आणि आम्हांस ती दिसते.

याच्या उलट गायतोंडे. नागपुरात १९२४ साली जन्म, आईवडील गोव्याकडचे. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९७२ च्या सुमारास दिल्लीत निजामुद्दीन भागात एका खोलीत जाऊन राहिले आणि २००१ साली वारले तोवर बहुधा एकटेच राहिले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणू नका असे ते म्हणत. त्यांचा शब्द 'वस्तुनिरपेक्ष' असा होता. फरक शब्दच्छलाचा नव्हे. अमूर्त म्हटले की आधी एक मूर्त वस्तू होती आणि तिच्यातून काही वगळले, असा अर्थ निघतो. ब्रांकुशीने पक्ष्यातून पंख वगळले. तेथे पक्षी होता. गायतोंडे यांच्या चित्रात काही वगळलेले नाही, कारण आरंभी काही नव्हतेच. जपानी झेन विचाराने त्यांना ओढून घेतले होते, आणि मौन हा त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा विषय.

रीत अशी. कोऱ्या कॅनव्हासापुढे दिवस दिवस बसून राहावयाचे. मग रंग पातळ करून थरावर थर द्यावयाचा, रूळ फिरवावयाचा, सुरीने खरवडावयाचा. ओल्या रंगावर फाटक्या कागदाचे तुकडे दाबून ते उचलावयाचे, म्हणजे त्यांचे ठसे राहतात. ते ठसे लिपीसारखे दिसतात, पण वाचावयास गेल्यास अक्षर सापडत नाही. वर्षाकाठी पाचसहा चित्रे, फार नाही. १९८४ साली अपघात झाल्यावर बराच काळ मोठे काम थांबले, आणि त्याचाही त्यांनी गाजावाजा केला नाही. कुंचल्याचा फटकारा त्या चित्रांत दिसत नाही. म्हणजे हात येथेही मागे घेतलेला आहे. पण यंत्र आणून नव्हे, वाट पाहून.

आम्ही दिल्लीत त्यांतील एकापुढे उभे राहिलो तेव्हाचे सांगतो. पहिली काही मिनिटे आमचीही स्थिती महाजनांसारखीच होती. पिवळसर रंगाचा एक उभा पट्टा, त्यात खालीवर विखुरलेले काळपट डाग. मग डोळा सावकाश सरावला. गाभाऱ्यात बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर होते तसे: प्रथम फक्त समई, नंतर तिच्या मागचे काळे, नंतर त्या काळ्यातली ओल. रंगाच्या खाली दुसरा रंग होता आणि त्याच्याही खाली उजेड होता. हे वर्णन अपुरे आहे याची आम्हांस जाणीव आहे. छापील प्रतीत यांतले काहीच येत नाही, म्हणून वर्तमानपत्राचे कात्रण पाहून रागावलेल्या माणसास आम्ही दोष देत नाही; त्याच्यापुढे मूळ दस्तऐवज आलेलाच नाही, नक्कल तीही अस्पष्ट.

येथे सय्यद हैदर रझा यांचा उल्लेख न केल्यास कोणी तरी आम्हांला पत्र लिहील. बिंदू हे त्यांचे जीवनकार्य. मध्यप्रदेशातल्या लहानपणी चंचल मुलास शिक्षकाने भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहावयास लावले, ती आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. प्रारंभीच्या बिंदूंत काळोखाचे वजन आहे. पुढे पुढे तोच बिंदू इतक्या वेळा, इतक्या नीटनेटक्या त्रिकोणांत आणि पंचतत्त्वांच्या रंगांत आला की तो दिनदर्शिकेवर शोभू लागला. संस्कृत नाव दिले म्हणजे चित्रात मंत्र उतरत नाही. नाव न दिलेल्या गायतोंडे यांचे पारडे आमच्या मते म्हणूनच जड.

हे सारे आम्ही गेल्या महिन्यात त्या महाजनांस सांगितले, या वेळी सांतेरीच्या देवळात. त्यांनी ऐकून घेतले, गाभाऱ्याकडे बोट केले, आणि आमच्या कैफियतीस जे प्रत्युत्तर दिले ते येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. ते म्हणाले, "ही रोयण कोणी केली नाही, म्हणून ती आई. तुमचे चित्र माणसाने केले. त्याने हात कितीही लपविला तरी हात होताच." आम्ही म्हटले की ते माणसालाही ठाऊक होते, म्हणून तर त्याने सही सोडून दुसरे काही पुढे केले नाही, नावसुद्धा नाही. "मग ६७ कोटी कोणाच्या नावावर दिले?" असा त्यांचा उलट प्रश्न. यास आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. जो माणूस आयुष्यभर नाव पुसत राहिला त्याच्या नावावरच बाजार उभा राहिला आहे. देवाची मिळकत वाटेल तशी विकता येत नाही असा आपला कायदा. मौनाची मिळकत विकता येते.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. भटजींनी घंटा वाजविली, तीर्थ आले. मग महाजनांनी विचारले की पैसे न मोजता असले चित्र कोठे पाहावयास मिळते. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत, तिकीट मात्र काढावे लागते, असे आम्ही सांगितले. तुळशीचे लग्न आटोपल्यावर ते मुलाकडे मुंबईस जाणार आहेत. कात्रणाची घडी त्यांनी पुन्हा उलगडली, समईच्या उजेडात धरली, आणि यात उजेड दिसत नाही असे म्हणून परत खिशात ठेवली.